नागपूरच्या टाकीजच्या आठवणी लिहा राजेहो

धरमपेठी
काल कूलरला नवीन खसच्या ताट्या लावल्या, पाणी सोडलं आणि तो ओला वास आला न, एकदम टाकीजच आठवली. मे महिन्यात आत्या आम्हा सगळ्या पोरांना घेऊन बारा ते तीनला निघायची, पिक्चर कोणता याच्याशी तिला घेणंदेणं नाही, कूलरसमोरची रांग मिळाली म्हणजे झालं. कूलर एवढा दणदणीत की हिरो काय बोलून राहिला ते अर्धं ऐकूच यायचं नाही. सुदामा, अलंकार, पंचशील, महालातलं राजविलास, तुमची कोणती?

सदरवाला
लिबर्टी हाऊसफुल्ल तर स्मृती. घरून निघतानाच दोन पिक्चर ठरवून निघायचो. ब्लॅकवाल्यांमधला एक आमच्याच वर्गातला, पाढे येत नव्हते त्याला, पण 'पाच का दस' एकदम तोंडपाठ 😂

महालची लेक
बायकांची खिडकी वेगळी, रांग लहान, म्हणून गल्लीतल्या सगळ्या बाप्यांची तिकिटं आमची काकूच काढायची. 1975 चा तो जय संतोषी माँ, आई सांगते बायका चपला बाहेर काढून आत जायच्या आणि आरती लागली की पडद्याकडे चिल्लर फेकायच्या. मामा शो सुटायचीच वाट पाहायचा, का ते समजून घ्या.

बर्डीकर
भाचा बंगलोरहून आला, विचारतो व्हरायटी चौकात कशाची व्हरायटी मिळते. म्हटलं बाप्पा, टाकीज होती तिथे व्हरायटी नावाची!

ऑपरेटरची मुलगी
माझे बाबा ऑपरेटर होते. दोन मशिनी असायच्या, एक रीळ 2000 फुटांचं, वीस-बावीस मिनिटांत संपणार, तेवढ्यात दुसरं लावून तयार ठेवायचं. पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका येतो तो पाहिला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, परत ठिपका आला की चेंज, मधे सात-आठ सेकंद, त्यात चूक झाली की खालून शिट्ट्या. उजेड कार्बनच्या कांड्यांचा, त्या जळत जातात म्हणून सारख्या पुढे सरकवत बसायचं. धूर जायला वर नळकांडं होतं तरी खोलीत भट्टीच. खाली लोक कूलरच्या हवेत आणि वर बाबा बनियनवर. मी डबा घेऊन जायची न, तर पूर्ण पिक्चर त्या चौकोनी भोकातून पाहायची, आवाज मशीनचाच जास्त. आताही टीव्हीवर जुना पिक्चर लागला आणि तो ठिपका दिसला की तोंडातून 'चेंज' निघतंच, सासूबाई बघतात माझ्याकडे 🙈

सदरवाला
@ऑपरेटरची मुलगी, मस्त लिहिलंत ताई! एकच प्रिंट दोन टाकीजमध्ये चालवायचे, सायकलवर रिळं नेणारा पोऱ्या असायचा, ते खरं का?

ऑपरेटरची मुलगी
हो न. पंक्चर झाली की इंटरवल लांबायचा, कँटीनवाला खूश.

गोकुळपेठेतला
@धरमपेठी खस कितीला पडली? आम्ही दरवर्षी वुडवूलच (लाकडाचा भुसा-तंतू) लावतो, पण यावर्षी बायको ऐकून नाही राहिली

धरमपेठी
अरे टाकीजचं लिही न काहीतरी 😄 भाव विपूत (विचारपूशीत) सांगतो.

गोकुळपेठेतला
टाकीजचं काय लिहू, थर्ड क्लासला बसायचो, मान वर करून पाहायचं, घरी आलो की दोन दिवस मान धरलेली. आणि ढेकूण. टाकीजचं नाव नाही घेत, पण पिक्चरआधी ती फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी लागायची न, ती संपेपर्यंत ते आपापल्या कामाला लागलेले असायचे.

मनीषनगर
आम्ही तर मल्टिप्लेक्सच्या काळातले, पाचशेचे पॉपकॉर्न आणि वर एसीने थंडी वाजते म्हणून स्वेटर. तुमचं वाचून जळून राहिलो.

महालची लेक
जळू नको रे, नऊ ते बाराचा सुटल्यावर घरी चालत यावं लागायचं, आणि आमच्या गल्लीतली कुत्री कोणालाच ओळखत नव्हती.

बर्डीकर
@सदरवाला तो ब्लॅकवाला मित्र काय करतो आता?

सदरवाला
प्रॉपर्टीचं काम. भाव अजूनही तसाच सांगतो.