मदत हवी आहे: यॉर्कटाउनच्या वेढ्याचा (१७८१) नकाशा क्यूजीआयएसमध्ये नीट बसत नाही

चरखंदक: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात अमेरिकन-फ्रेंच सैन्याने व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला ब्रिटिशांना वेढलं, त्याचा सेबॅस्टियन बॉमनचा नकाशा (फिलाडेल्फिया, १७८२) क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवतोय. गावाभोवतीच्या तटाच्या कोपऱ्यांवर ९ खुणा (दोन्ही नकाशांवर सापडणाऱ्या एकाच जागा) घेतल्या, थिन प्लेट स्प्लाइन हे रूपांतर लावलं. चूक शून्य दाखवतंय, पण वेढ्याचा पहिला चर (हल्लेखोरांनी खणलेला लांब खंदक) नागमोडी झालाय आणि काठ सरळ यॉर्क नदीत घुसलाय. शिवाय याच वेढ्याच्या एका फ्रेंच नकाशावरची अंतरं निम्म्याहून कमी भरतात. कुठे चुकतंय?

जुनेपाने: त्या शून्यावर जाऊ नका. स्प्लाइन प्रत्येक खुणेला कागद ताणून नेतं, त्यामुळे चुकीची खूणही बरोबरच दिसते. खरा घोळ खुणांचा आहे. गावाभोवती आज दिसणारा तट बराचसा १८६१-६२ चा, अमेरिकन यादवी युद्धातला. कॉन्फेडरेट (दक्षिणेकडच्या) सैन्याने ब्रिटिशांचं जुनं काम वाढवून घेतलं होतं. ९ आणि १० नंबरचे रेडाउट (तटाबाहेरचे ब्रिटिशांचे छोटे मातीचे किल्ले) नंतर पुन्हा उभारलेत, त्यात १० नंबरचा बराच भाग नदीने खाल्लाय. म्हणून तट, रेडाउट, नदीकाठ, तिन्ही बाद.

खुणा घ्यायच्या त्या नेल्सन हाउस, मूर हाउस, मेन स्ट्रीटचे चौक आणि यॉर्कटाउन व वर्मली ओढ्यांची वरची वळणं (मुखं नकोत, ती सरकतात). नदीपलीकडे ग्लॉस्टर पॉइंटला निदान दोन, नाहीतर तो काठ किती हललाय ते कळणारच नाही. रूपांतर पॉलिनोमियल १ (आडवं-उभं वेगळं ताणतं, पण सरळ रेषा सरळच ठेवतं), प्रक्षेपण ईपीएसजी ३२६१८ (यूटीएम पट्टा १८ उत्तर). जुना कागद आडवा-उभा सारखा आकसत नाही. हेल्मर्ट हे दुसरं रूपांतर दोन्हीकडे एकच प्रमाण धरतं, म्हणून ते इथे तोकडं पडतं. पॉलिनोमियल १ चं तीन खुणांवर भागतं, पण चूक पकडायला १०-१२ हव्यात.

तोफखाना: फ्रेंच अंतरं त्वाझ या जुन्या फ्रेंच मापात आहेत, तुम्ही यार्ड धरलेत. १ त्वाझ = १.९४९ मीटर, म्हणजे २.१३ यार्ड. पहिला चर ब्रिटिश तटापासून साधारण ६०० यार्डांवर, म्हणजे २८० त्वाझच्या आसपास यायला हवा.

आणखी एक. बॉमनने मोजणी २२ ते २८ ऑक्टोबरला केली, शरणागती १९ ला. म्हणजे ६ च्या रात्री खणलेला पहिला चर, ११ च्या रात्रीचा दुसरा आणि १४ ला दोन्ही रेडाउट पडल्यावर त्याचं नदीपर्यंत गेलेलं टोक, सगळं एकाच कागदावर आहे. तारखेप्रमाणे तीन वेगळे लेयर करा.

(यॉर्कटाउनला हरलेला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस हाच १७९२ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणला वेढा घालून बसला, तेव्हा मराठ्यांचे सेनापती हरिपंत फडके त्याच्या बाजूने होते. तिथले इंग्रजी नकाशेही असेच बसवता येतील.)

चरखंदक: ११ खुणा, पॉलिनोमियल १. सरासरी चूक १४ मीटर, चर सरळ. एकट्या मूर हाउसवर ३८ मीटर येतेय.

जुनेपाने: ती खूण लगेच काढू नका. आधी स्कॅनची घडी तिथूनच जाते का ते बघा.