ॲक्टिंग, इंटरिम, ऑफिशिएटिंग... नेमका फरक काय?

रिमझिम: आमची मॅनेजर सहा महिने मॅटर्निटी लीव्हवर गेलीये, तोवर तिचं काम माझ्याकडे आलंय. एचआरच्या मेलमधे ॲक्टिंग मॅनेजर लिहिलंय पण साहेब मीटिंगमधे सगळ्यांना इंटरिम मॅनेजर म्हणून ओळख करून देतात. बायोडेटात काय टाकू? दोन्ही म्हणजे हंगामीच ना?

चहाबाज: मराठीत आपण सगळ्यालाच हंगामी म्हणून टाकतो, गोंधळ तिथून सुरू होतो. खुर्ची कुणाच्या नावावर आहे ते बघ. तुझी मॅनेजर परत येणार म्हणजे खुर्ची तिचीच, तू फक्त तिचं काम बघतेयस, म्हणून ॲक्टिंग. ती नोकरी सोडून गेली असती आणि नवीन कोणी मिळेपर्यंत तुला बसवलं असतं तर इंटरिम.

कोपऱ्यातला: पूर्ण पटलं नाही. मे १९६९ मधे राष्ट्रपती झाकिर हुसेन वारले, उपराष्ट्रपती गिरी ॲक्टिंग प्रेसिडेंट झाले, मग जुलैत त्यांनी निवडणुकीसाठी राजीनामा दिला तर सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी ऑगस्टपर्यंत काम पाहिलं. तिथे परत कोण येणार होतं? आपला मूळ हुद्दा वेगळा आणि त्या हुद्द्यामुळे वरच्या पदाचं काम अंगावर येतं, ॲक्टिंगमधे हे जास्त महत्त्वाचं वाटतं मला.

चहाबाज: हो, हे बरोबर. रिकाम्या जागेवरही ॲक्टिंग चालतं. पण रजेवरच्या माणसाच्या जागी इंटरिम मात्र मला खटकतंच.

निवृत्त_हेडक्लार्क: ऑफिशिएटिंग राहिलं की. सरकारी मराठीत स्थानापन्न. पदावर दुसऱ्याचा धारणाधिकार, म्हणजे लिएन, त्या पदावरचा त्याचा कायम हक्क, आणि काम तुम्ही करताय. सर्व्हिस बुकात हा शब्द चुकला की पुढे पगारनिश्चितीला त्रास होतो, आयुष्यभर हेच निस्तरलंय. स्वतःचं टेबल सांभाळून दुसरं बघितलं तर तो अतिरिक्त कार्यभार, ते आणखी वेगळं. केअरटेकर म्हणजे काळजीवाहू, त्यात बहुतेकदा जुनाच माणूस राजीनामा देऊन पुढची सोय होईपर्यंत थांबतो आणि मोठे निर्णय घेत नाही. शिंदेसाहेब २६ नोव्हेंबर २०२४ ला राजीनामा देऊन ५ डिसेंबरपर्यंत काळजीवाहू मुख्यमंत्री होते. त्यानंतर विधानसभेत कोळंबकर हंगामी अध्यक्ष झाले, तो प्रोटेम, नव्या आमदारांना शपथ दिली आणि नवीन अध्यक्ष निवडून आल्यावर काम संपलं.

रिमझिम: काका, खूप उपयोग झाला. मग ॲक्टिंगच लिहिते, कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत तेही टाकते. साहेबांनाही सांगून बघते, नाहीतर ती परत आल्यावर तिला वाटायचं आपली जागा गेली.