स्कारलेट १८आय८: सोर्समधून कंपाइल केलेल्या मिक्सर-प्रोग्रॅमला डेबियनवर यंत्र सापडत नाही आणि मिंटवर तो कंपाइलच होत नाही

कुडाळचा_पेटीवाला

नमस्कार. मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो आणि आमच्या मंडळाच्या डबलबारी भजनाच्या तालमी ध्वनिमुद्रित करतो. त्यासाठी फोकसराइटचा तिसऱ्या पिढीतला स्कारलेट १८आय८ हा ऑडिओ इंटरफेस घेतला आहे. त्याला मायक्रोफोनचे चार प्रीॲम्प असल्यामुळे बुवांचा आवाज, पेटी, पखवाज आणि झांज हे चारही वेगवेगळे टिपता येतात. ध्वनिमुद्रणाची काहीच तक्रार नाही. अडचण हेडफोनची आहे. बुवांना कानात पेटी मोठी हवी असते आणि पखवाजवाल्याला ती जवळजवळ नकोच असते. असे दोन वेगळे मिश्रण यंत्राच्या आतल्या मिक्सरमध्येच करता येते, परंतु त्यासाठीचे कंपनीचे सॉफ्टवेअर विंडोज आणि मॅकपुरते आहे. लिनक्ससाठी ‘अल्सा स्कारलेट जीयूआय’ हा मुक्तस्रोत प्रोग्रॅम आहे, तो सोर्समधून कंपाइल करावा, म्हणजे मूळ कोडपासून चालणारा प्रोग्रॅम स्वतः बनवावा, असे ठरवले आणि तिथून पुढे तीन संगणकांवरच्या लिनक्सच्या तीन वेगळ्या डिस्ट्रोंवर (आवृत्त्यांवर) तीन निराळ्या गोष्टी घडल्या.

माझ्या लॅपटॉपवर डेबियन १२ आहे. तिथे प्रोग्रॅम एकही त्रुटी न येता कंपाइल झाला, खिडकीही उघडली, पण यंत्र जोडलेले असूनही ते त्याला दिसत नाही. रत्नागिरीच्या मामेभावाकडे फेडोरा आहे. त्याला मी माझ्याकडची पॅकेजांची यादी जशीच्या तशी पाठवली, तर त्यातले एकही नाव त्याच्याकडे सापडेना. मंडळाच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर मिंट २० आहे आणि तिथे जीटीके ४ (खिडक्या-बटणे दाखवणारी लायब्ररी) मिळत नसल्यामुळे कंपायलेशन पहिल्याच पायरीवर थांबते. मग जीटीके ४ सुद्धा सोर्समधूनच बांधावे काय? तालमी सुरू झाल्या आहेत आणि आमचा पखवाजवाला रोज विचारतो, “चवथ इली तरी तुझा यंतर बोलाक लागूक नाय?”

रत्नदुर्गाच्या_पायथ्याशी

आधी डेबियनचे पाहू, कारण तीच अडचण सर्वांत फसवी आहे. ती कंपायलेशनची नाहीच. आपण जो प्रोग्रॅम बांधला तो केवळ दर्शनी भाग आहे. मिक्सरशी प्रत्यक्ष बोलणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, असतो, आणि तो जेवढी नियंत्रणे पुढे करील तेवढीच खिडकीत दिसतात. तिसऱ्या पिढीच्या यंत्रांचा आधार कर्नल ५.१४ पासून आहे, परंतु ६.७ च्या आधी तो मुद्दाम बंद ठेवलेला असे आणि वापरणाऱ्याने तो स्वतः चालू करावा अशी अपेक्षा होती. डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे, म्हणजे तुमच्याकडे ड्रायव्हर आहे, पण निजलेला आहे. ध्वनिमुद्रण मात्र चालते, कारण नेहमीच्या यूएसबी ऑडिओला या मिक्सर-ड्रायव्हरची गरज लागत नाही.

यंत्र जोडल्यावर कर्नलचे संदेश ‘डीमेसेज’ने वाचा. स्कारलेटचा मिक्सर ड्रायव्हर बंद आहे आणि तो चालू करण्यासाठी अमुक ओळ द्यावी, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आढळेल. त्या ओळीत तुमच्या यंत्राचा विक्रेता क्रमांक १२३५ आणि उत्पादन क्रमांक ८२१४ हेदेखील भरलेले असतात. ‘ऑप्शन्स’ या शब्दापासून ‘डिव्हाइस-सेटअप’ बरोबर १ इथपर्यंतचा भाग उचलून ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब-डी’ या फोल्डरात ‘कॉन्फ’ने संपणाऱ्या नव्या फाइलमध्ये ठेवावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा. एवढे करूनही खिडकीत एकच बटण दिसले, तर यंत्र अजून एमएसडी अवस्थेत आहे, म्हणजे खोक्यातून काढल्यापासून ते पेन ड्राइव्हसारखे वागत आहे, असे समजावे. त्याच बटणाने ती अवस्था बंद करून यंत्र पुन्हा चालू केले की बाकीचे सर्व उघडते.

मिंट २० वर जीटीके ४ बांधण्याच्या फंदात कृपया पडू नका. मिंट २० हे उबुंटू २०.०४ वर उभे आहे आणि त्यातली जीलिब (जीटीके जिच्यावर उभे असते ती लायब्ररी) २.६४ आहे, जीटीके ४ ला किमान २.६६ लागते. म्हणजे आधी जीलिब बांधायची, आणि जिच्यावर सबंध डेस्कटॉप चालतो ती लायब्ररी अशी बदलल्यावर पुढे काय मोडेल याची खात्री देता येत नाही. मी हा उद्योग एकदा केला आहे आणि त्यात सलग दोन रविवार घालवून शेवटी सगळी प्रणाली नव्याने टाकावी लागली. मिंट २० ची मुदत एप्रिल २०२५ मध्येच संपली आहे, तेव्हा सरळ मिंट २२ टाका. त्याचा कर्नल ६.८ असल्यामुळे ती मॉडप्रोबची ओळही लागणार नाही.

देवगडचा_आर्चवाला

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे, म्हणून फक्त फेडोराच्या नावांबद्दल लिहितो. कंपाइल करताना केवळ लायब्ररी असून भागत नाही, तिच्या हेडर फाइलीही (लायब्ररीत काय काय आहे हे कंपायलरला सांगणाऱ्या) लागतात, आणि त्या कुठे ठेवायच्या याबद्दल प्रत्येक डिस्ट्रोचे मत वेगळे आहे. डेबियन, उबुंटू आणि मिंट त्या ‘डेव्ह’ने संपणाऱ्या वेगळ्या पॅकेजात ठेवतात, फेडोरा आणि ओपनसुसे ‘डेव्हेल’ असे म्हणतात, तर आमच्या आर्चमध्ये त्या मूळ पॅकेजातच येतात. त्यात मूळ नावेही जुळत नाहीत. डेबियनवर जे ‘लिब-ए-साउंड-टू-डेव्ह’ आहे ते फेडोरावर ‘अल्सा-लिब-डेव्हेल’ आहे, ओपनसुसेवर नुसते ‘अल्सा-डेव्हेल’, आणि आर्चवर ‘अल्सा-लिब’ टाकले की काम संपले. जीटीकेचेही तसेच: डेबियनवर ‘लिबजीटीके-४-डेव्ह’, फेडोरावर ‘जीटीके४-डेव्हेल’. त्यामुळे एकाची यादी दुसऱ्याला पाठवणे म्हणजे मालवणच्या माणसाने सांगितलेल्या माशाचे नाव घेऊन पुण्याच्या बाजारात फिरण्यासारखे आहे.

फेडोरावर नावे पाठ करण्याची गरजही नाही. मेकफाइल (कंपाइल कसे करायचे ते सांगणारी फाइल) लायब्ररीची चौकशी पीकेजी-कॉन्फिग या साधनाकडे करते आणि तिथली नावे सर्व डिस्ट्रोंवर सारखीच असतात: ‘अल्सा’, ‘जीटीके४’. डीएनएफला, म्हणजे फेडोराच्या पॅकेज टाकणाऱ्या साधनाला, पॅकेजाच्या नावाऐवजी ‘पीकेजीकॉन्फिग’ लिहून पुढे कंसात ‘अल्सा’ असे दिले, तर योग्य ते डेव्हेल पॅकेज तो स्वतः शोधून आणतो. मात्र कंसामुळे टर्मिनलचा गोंधळ होऊ नये म्हणून सगळे अवतरणात घालावे. ओपनएसएसएलच्या हेडर फाइली नसल्याची त्रुटी आली, तर तीही याच रीतीने मिटेल.

कुडाळचा_पेटीवाला

दोघांचेही आभार. डेबियनवर डीमेसेजमध्ये ती ओळ खरोखरच होती. माझ्याच डोळ्यांसमोर असून मी कधी वाचली नव्हती. मामेभावाचे कामही कंसाच्या युक्तीने झाले. मंडळाच्या डेस्कटॉपवर मिंट २२ टाकले आणि काल संध्याकाळी कंपाइल करायला बसलो, तर अर्ध्यावर वीज गेली. पाऊस लागला की आमच्याकडे हे ठरलेलेच आहे. रात्री वीज आल्यावर कंपाइल करणारी ‘मेक’ ही आज्ञा पुन्हा चालवली, तेव्हा ‘क्लॉक स्क्यू’ (फाइलींच्या वेळा जुळत नसल्याचा) येऊ लागला आणि तयार झालेला प्रोग्रॅम उघडताच बंद पडतो.

रत्नदुर्गाच्या_पायथ्याशी

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सेल संपलेला दिसतो. ‘मेक’ अर्धवट राहिलेले काम पुढे नेताना कोणती फाइल नवी आणि कोणती जुनी हे केवळ वेळेवरून ठरवते. प्लगमधून वीज मिळत असते तोवर घड्याळ टिकते. ती गेली आणि सेलही मेलेला असला, की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग संध्याकाळी बनलेल्या फाइली त्याला भविष्यातल्या वाटतात. इंटरनेट आल्यावर वेळ आपोआप दुरुस्त होते, पण गावात वीज आधी येते आणि नेट नंतर. तुम्ही बहुधा त्या मधल्या वेळेत ‘मेक’ चालवलेत. शिवाय वीज गेली त्या क्षणी लिहिली जात असलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला एक तुकडा) अर्धीच राहिलेली असू शकते. सीआर २०३२ हा नाण्यासारखा सेल बदला, घड्याळ बरोबर आहे हे पाहून ‘मेक क्लीन’ने आधी बनलेल्या फाइली पुसा आणि पहिल्यापासून बांधा. हा प्रोग्रॅम लहान आहे, जुन्या डेस्कटॉपवरही काही मिनिटांत होतो. आर्डरसारखे ध्वनिमुद्रणाचे मोठे सॉफ्टवेअर बांधत असतात तर मी आधी इन्व्हर्टर घ्या म्हटले असते.

कुडाळचा_पेटीवाला

सेल कुडाळच्या बाजारात घड्याळवाल्याकडे मिळाला. घड्याळ लावून सगळे पुन्हा बांधले आणि आता प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. हेडफोनच्या पहिल्या जोडीला मिक्स ए आणि बी, दुसरीला सी आणि डी अशी जोडणी केली. पहिल्यात पेटी वर आणि दुसऱ्यात ती जवळजवळ शून्यावर ठेवली. ही मांडणी फाइलमध्ये जतन करून लॅपटॉपवर उघडून पाहिली, तिथेही ती तशीच लागली. आजच्या तालमीत बुवांनी दोनदा पेटी आणखी वाढवायला लावली.