साताऱ्यात ३५-४० माणसांचं लग्न, परवडेल अशी जागा सुचवा

शाहूपुरीची लेक
नमस्कार मंडळी, डिसेंबरात लग्न करायचं ठरतंय, दोन्हीकडची मिळून ३५, फार तर ४० माणसं. कुठल्याही कार्यालयात गेलं की पहिला प्रश्न ताटं किती, आणि चाळीस म्हटलं की समोरच्याचा इंटरेस्टच संपतो. एकाने तर सरळ सांगितलं, २०० ताटांचे पैसे भरा, मग माणसं कितीबी आणा. डीजे, ड्रोन, फेटे काही नको. विधी व्हावेत, जेवण चांगलं असावं आणि आजीला जिना चढायला लागू नये. सगळं मिळून लाखाच्या आत बसेल का?

गोडोलीकर
बसेल की. मेन हॉल मागूच नका, बारसं-साखरपुड्याचा छोटा हॉल हाफ डे आहे का ते विचारा. नाहीतर हायवेकडची हॉटेलं बघा, जेवण त्यांच्याकडं घेतलं तर बऱ्याच जणांचं हॉलभाडं माफ असतं. फक्त होम चालतो का ते आधीच विचारून घ्या, एसी हॉलमधे धुराला नाही म्हणतात आणि मग ऐनवेळी भटजी, कुंड, नवरा-नवरी सगळे पार्किंगमधे, असं आमच्या चुलतभावाच्या लग्नात झालंय.

कंदी पेढा
संगम माहुलीला करा ना, कृष्णा-वेण्णेचा संगम, विश्वेश्वराचं जुनं देऊळ, फोटोग्राफरला वेगळं लोकेशन नको.

गोडोलीकर
अहो तिथंच स्मशानभूमी पण आहे, घरातली म्हातारी माणसं लग्नाला हो म्हणतील का? आणि घाटाच्या पायऱ्या, आजींचं काय?

कंदी पेढा
हां, ते लक्षातच नाही आलं 😅

घाटवाट
यवतेश्वर-कास रोडला होमस्टे बघा. ऑगस्ट ते ऑक्टोबर फुलांची गर्दी असते तेव्हा कुणी दारात उभं करत नाही, पण डिसेंबरात मधल्या वारी अख्खं घर घासाघीस करून मिळतं. मांडव अंगणात, आचारी आपला न्यायचा, भांडी त्यांची का आपली ते ठरवून घ्यायचं. मात्र वारं बेकार सुटतं हो तिथं, पत्रावळी उडतात, ताटंच घ्या. आणि गाडी लागणाऱ्या मावशांना घाटात पुढच्या सीटवर बसवा.

माहेर वाई
एक सांगू का, भाड्याच्या आकड्याला भुलू नका. सफाई, लाईट मीटरप्रमाणे, जनरेटरचं डिझेल, वाढपी, जीएसटी धरून का सोडून, हे सगळं कागदावर लिहून घ्या. आमच्याकडं हॉल स्वस्त पडला आणि बाकीच्यानीच कंबरडं मोडलं. चाळीस माणसांना बुफे कशाला, दोन पंगती बसवा, गरम पोळी वाढता येते आणि अन्न वाया जात नाही.

बिनवरातीचा
आम्ही रजिस्टरच केलं. विशेष विवाह कायद्याने ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, दोघांपैकी एकाचं त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य हवं, सहीला तीन साक्षीदार. मग दुपारी घरच्यांना जेवण, म्हणजे लग्नाचा हॉल लागतच नाही, टेबलं बुक केली की झालं. विधी करणार असाल तर नोटीस वगैरे नको, नंतर नगरपालिकेत नाहीतर ग्रामपंचायतीत नोंदणी करायची, त्यालाही तीन साक्षीदार लागतात आणि अर्जावर भटजींची सही, ती त्याच दिवशी घ्या, नंतर ते सापडत नाहीत.

माहेर वाई
बाकी तुळशीचं लग्न झालं की मुहूर्तांची झुंबड उडते, मुहूर्ताची तारीख धरली तर छोटा हॉल पण भाव खातो. काढीव मुहूर्त चालतोय का घरी विचारा.

शाहूपुरीची लेक
सगळ्यांचे आभार. साखरपुड्याचा हॉल विचारला, तळमजल्यावर आहे आणि होमाला मागची मोकळी जागा देतायत, बुधवार घेतला तर भाडं कमी. आता प्रॉब्लेम वेगळाच, पाहुण्यांची लिस्ट वाचून पप्पा म्हणतायत भावकीतली दहा घरं तरी सांगायलाच पाहिजेत.

घाटवाट
दहा घरं म्हणजे पन्नास माणसं ओ. हॉलची कपॅसिटी किती ते आधी विचारा, आणि ॲडव्हान्स देऊ नका पप्पांचं ठरेपर्यंत.