वासोटा एका दिवसात, १८ जण, त्यातले १५ पहिल्यांदाच. जमेल का?

हळदबाजार_सांगली

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीचा ग्रुप आहे, सांगली विश्रामबाग, दरवर्षी थंडीत कुठंतरी एक दिवस जातो, आत्तापर्यंत दंडोबा, सागरेश्वर, पन्हाळा असलंच. यंदा पोरांनी व्हिडिओ बघून हट्ट धरलाय की वासोटा किल्लाच करायचा, बोटीनं जायचं आणि जंगलातनं चढायचं. आमच्यापैकी फक्त तिघं आधी ट्रेकला गेलेत आणि तेबी हरिश्चंद्रगड वगैरे, इकडं कुणीच नाही. म्हणजे रस्ता, बोट, परमिशन, सगळंच नवीन.

एकूण १८ जण. त्यात ९ ते १३ वयाची चार पोरं, एक मावशी (५८ वय, गुडघा कधी कधी धरतो पण "मी येणारच" म्हणून बसल्यात), आणि एक आमचे वहिनींचे भाऊ ज्यांना पोहता येत नाही आणि पाण्याची भीती आहे, हे त्यांनी काल सांगितलं.

माझा प्लॅन असा: जानेवारीतला दुसरा रविवार, सांगलीतनं पहाटे ५ ला निघायचं, ९ ला बामणोली, बोट, वासोटा बघायचा, मग तिथनंच नागेश्वर करून संध्याकाळी परत बोट, रात्री ११ पर्यंत घरी. प्रायव्हेट मिनीबस ठरवतोय. बरोबर आहे का हे? काय चुकतंय ते सांगा, टोमणे नकोत 🙏

जावळीचा_वाटाड्या

टोमणा नाही दादा पण तुमचा प्लॅन पहिल्या ओळीतच चुकलाय. ५ ला निघून चालणार नाही. सांगली ते सातारा सव्वाशे किलोमीटर धरा, इस्लामपूर, पेठ नाका, मग हायवे, अडीच-तीन तास, त्यात १८ जण म्हणजे कऱ्हाडला चहाचा स्टॉप अर्ध्या तासाचा होणारच. पुढं सातारा ते बामणोली अजून ३५-४० किमी, आणि हे किलोमीटर हायवेचे नाहीत, यवतेश्वरचा घाट, मग कासचं पठार, मग उतार. मिनीबसला दीड तास धरा. जानेवारीत सकाळी कासवर धुकं असलं तर ड्रायव्हर दिवे लावून बैलगाडीच्या स्पीडनं जाईल आणि त्यानं तसंच जावं. हिशोब केला तर तुम्ही १० ला बामणोलीत, फॉर्म भरून, पैसे भरून, जॅकेट घालून पाण्यावर यायला ११.

आता उलट्या बाजूनं मोजा. वासोटा कोयना अभयारण्यात येतो, २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. मुक्काम अजिबात नाही, अंधाराच्या आत सगळ्यांना बाहेर काढतात, बोटवाला सकाळीच सांगतो की अमुक वाजता खाली हजर पाहिजे. म्हणजे तुमचा दिवस सूर्य ठरवत नाही, बोट ठरवते. बोटीला जायला एक-सव्वा तास, यायला तेवढाच. चढायला नवख्यांना दोन-अडीच तास, वर एक तास, उतरायला दीड-दोन. ११ ला निघून हे बसतच नाही.

दोनच उपाय. एक तर सांगलीतनं रात्री अडीचला निघा. नाहीतर शनिवारी संध्याकाळी येऊन साताऱ्यात किंवा बामणोलीत मुक्काम करा आणि सकाळी पहिल्या बोटींच्या लाईनीत उभे राहा. पोरं आणि मावशी असताना मी दुसरंच करीन.

आणि नागेश्वर विसरा. खरंच विसरा. वर चढताना माथ्याच्या अलीकडं फाटा लागतो, एक वाट किल्ल्यावर, एक नागेश्वरच्या गुहेकडं. त्या फाट्यावर प्रत्येक ग्रुपमधला एक जण म्हणतोच, "इथवर आलोय तर जाऊन येऊ की". त्या माणसाचं तोंड आधीच बंद करून ठेवा, म्हणजे शनिवारी जेवतानाच.

चिकूची_आई

वाटाड्या दादांना दुजोरा, आणि तो फाट्यावरचा माणूस आमच्या ग्रुपात माझाच नवरा होता 😅

आम्ही दोन वर्षांपूर्वी बारा जण गेलो होतो. किल्ला व्यवस्थित झाला, एक वाजता खाली उतरायला लागलो, फाट्यावर हे आणि यांचे मित्र दोघं नागेश्वरकडं गेले, "तुम्ही व्हा पुढं, आम्ही पळत येतो". आम्ही दहा जण साडेतीनला बोटीपाशी. चार वाजले, साडेचार वाजले, फोनला रेंज नाही, त्यामुळं कळायला मार्गच नाही की येतायत का पाय मुरगळलाय. माझी मुलगी रडायला लागली, बाबांना अस्वल आलं का म्हणून, कारण सकाळीच बोटीत कुणीतरी सांगितलं होतं की इथं अस्वलं आहेत. बाकीच्या सगळ्या बोटी गेल्या, काठावर आमची एकटी. आमचा बोटवाला काही बोलला नाही, नुसता दोरी सोडायचा आणि परत बांधायचा, सोडायचा आणि परत बांधायचा. पाच वाजून दहा मिनिटांनी हे दोघं आले, घामानं निथळत, हातात बूट. वनखात्याच्या चौकीवरच्या दादांनी जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. परतीच्या बोटीत गार वारा आणि घरी जाईपर्यंत अबोला.

म्हणून माझं एकच सांगणं, ग्रुप फोडू नका. सगळ्यात पुढं एक जाणता, सगळ्यात मागं एक जाणता, आणि मागच्यानं मावशींच्या मागंच चालायचं, कितीही कंटाळा आला तरी. तुमच्याकडं तिघं अनुभवी आहेत ना, बास की. तिसरा मधे पोरांबरोबर.

सह्यभटक्या७७

इतका ताण घ्यायचाच कशाला? वासोट्याचं फॅड झालंय नुसतं. कमळगड करा की वाईकडचा. खाली एका बाजूला धोमचं पाणी, दुसऱ्या बाजूला बलकवडीचं, दोन्ही वरनं दिसतं. नांदगण्यातनं चढा, बोट नाही, लाईन नाही. वर कावेची विहीर आहे, पायऱ्यांनी खाली उतरत जायचं, भिंती गेरूच्या, हात लावला की लाल. पोरांना लई आवडतं. पाण्याला भिणाऱ्या पाहुण्यांचाबी प्रश्न मिटला.

जावळीचा_वाटाड्या

कमळगड भारी आहेच, वाद नाही. पण पोरांना बोट पाहिजे हो, त्यांनी गड कुठं मागितलाय 😄 आणि कमळगडाच्या चढाला ५८ चा गुडघा काय म्हणणार तेपण सांगा.

हळदबाजार_सांगली

वाचतोय सगळं. नागेश्वर कॅन्सल, बायकोला चिकूच्या आईंची गोष्ट वाचून दाखवली, तिनं माझ्याकडंच बघितलं. शनिवारी मुक्काम करायचं जवळपास ठरलं.

आता बारीक प्रश्न. १) मावशींचं काय करू, त्यांना नाही म्हणायची माझ्यात हिंमत नाही. २) पाण्याला भिणारे पाहुणे. ३) जेवण काय न्यायचं, आमच्याकडं प्रवास म्हणजे भडंग ठरलेलंच. ४) वाट चुकते का, गाईड घ्यावा का.

कोयनाकाठ

मी मूळची तिकडचीच म्हणून लिहिते. माझ्या आजीचं माहेर त्या शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे. कोयनेचं धरण झालं तेव्हा काठावरची गावं उठली, माणसं कुठं कुठं पांगली, आमची तुमच्याच सांगली जिल्ह्यात आली. आजी कधी त्या बोटीत बसली नाही, म्हणायची, आमच्या शेतावरनं बोटीनं कशाला जाऊ. मे महिन्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची, देवळांची जोती उघडी पडतात काही ठिकाणी, माझ्या मामानं दाखवली होती एकदा.

हे सांगायचं कारण म्हणजे महिना. जानेवारी चांगला निवडलाय. धरणातनं वीज आणि शेतीसाठी सतत पाणी जात असतं, त्यामुळं जसजसा उन्हाळा येतो तसा काठ खाली खाली जातो, एप्रिल-मेमध्ये बोट जिथं टेकते तिथनं झाडीपर्यंत भेगाळलेल्या मातीतनं उन्हात चालावं लागतं. जानेवारीत पाणी बऱ्यापैकी वर असतं, उतरलं की थोड्याच वेळात सावली. तुम्ही पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी उभं राहून कोयनेतनं किती क्युसेक सोडलं याचे मेसेज बघता ना, ते हेच पाणी, तुम्ही त्याच्या पोटावरनं जाणार. भरलं की १०५ टीएमसी.

पाहुण्यांना बोटीच्या मधोमध बसवा, कडेला नको, लाईफ जॅकेट घातल्यावर स्वतः पट्टे ओढून बघा, सैल जॅकेट काही कामाचं नाही. सकाळी पाणी शांत असतं, दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा थोडं हलतं, हे त्यांना आधी सांगून ठेवा म्हणजे परतीला घाबरणार नाहीत. आणि सेल्फीसाठी उभं राहणाऱ्या पोरांना तिथंच दम द्या. तरीपण नको वाटलं तर त्यांना बामणोलीतच ठेवा, जबरदस्ती नको. मावशींना सोबत होईल.

चिकूची_आई

मावशींसाठी: आमच्यात सासूबाई होत्या, ६१. त्या मेट इंदवलीपर्यंत, म्हणजे पायथ्याला बोट लागते तिथवर, बोटीनं आल्या, चौकीवर विचारून खाली ओढ्याजवळच्या मारुतीपाशी बसल्या, सोबत माझी नणंद. तिथवर सपाटच आहे. सासूबाई घरी सगळ्यांना सांगतात की मी वासोट्याला जाऊन आले, आणि कुणी वर गेलात का विचारलं तर विषय बदलतात. मावशींना चढू नका म्हणू नका, "मारुतीपर्यंत तर चला, पुढचं तिथं बघू" एवढंच म्हणा. स्वेटर द्या बरोबर, त्या झाडीत दुपारीसुद्धा गार असतं.

भडंगाचं मात्र जपून! मेट इंदवलीला वनखात्याचे लोक सगळ्यांच्या बॅगा उघडतात आणि प्लास्टिक मोजतात. बाटल्या, बिस्किटाचे पुडे, चॉकलेटची कागदं, सगळं. वहीत लिहितात, डिपॉझिट घेतात, आणि परत येताना तेवढेच नग दाखवायचे. आमचे एकतीस नग लिहिले होते आणि परतताना तीस भरले. अर्धा तास बॅगा उलट्यासुलट्या केल्या. शेवटी पुतण्याच्या जर्किनच्या आतल्या खिशात चिक्कीचा कागद सापडला, घडी घालून ठेवलेला, कारण त्याला शाळेत शिकवलंय कचरा टाकू नये 🤦‍♀️

हळदबाजार_सांगली

😂😂 म्हणजे भडंग स्टीलच्या डब्यात. कळलं.

जावळीचा_वाटाड्या

डब्यातच. आणि चपात्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, संत्री, बास. कागदी प्लेटापण नकोत, हातावर खा. पाणी माणशी दोन लिटर तरी, शक्यतो मोठ्या पक्क्या बाटल्या म्हणजे नग कमी. मेट इंदवलीला हॉटेल वगैरे काही नाही. परत आल्यावर बामणोलीत गरम पिठलं-भाकरी मिळते, पण १८ जणांचं आदल्या रात्रीच सांगून ठेवा, ऐनवेळी गेलात तर भाकऱ्या थापेपर्यंत पोरं झोपतील.

वाट: मळलेली आहे, रविवारी पुढंमागं माणसं असतातच. सुरुवातीला ओढा ओलांडायचा, मग दाट जंगल, इतकं की ऊन खाली येत नाही, आणि चढ अंगावर येतो. पोरं पळतात आणि अर्ध्या तासात बसतात, त्यांना पहिल्यापासून हळू चालवा. शेवटी झाडी संपून उघड्यावर येता, पायऱ्या, मग वरचं बिनछपराचं मारुतीचं देऊळ. तिथनं एका बाजूला महादेवाचं देऊळ आणि माची, दुसऱ्या बाजूला बाबूकडा. बाबूकड्याला जायचंच, पण पोरांचे हात धरून, तिथं कठडा बिठडा काही नाही, कोकणात थेट खाली बघायचं. समोरचा डोंगर तो जुना वासोटा. १८१८ ला इंग्रजांनी तिकडनं तोफा लावल्या तेव्हा हा किल्ला पडला, नाहीतर पायथ्याकडनं कुणाची टाप नव्हती. त्याच्या आधी हे तुरुंग म्हणूनच वापरात, अशा जंगलात कैदी पळून तरी कुठं जाणार. पोरांना हे वर बसून सांगा, खाली सांगितलं तर ऐकत नाहीत.

गाईड: १८ नवखे आहात, घ्या एक गावातला. वाटेसाठी नाही, वेळेसाठी. तो "चला आता" म्हणाला की लोक उठतात, तुम्ही म्हणालात की नाही उठणार.

आणखी दोन गोष्टी. डिझेल साताऱ्यातच भरून घ्या. आणि साताऱ्यात समर्थ मंदिराकडनं पुढं आलात की ड्रायव्हरला बोगद्यात घुसू देऊ नका, बोगद्यातनं सज्जनगड-ठोसेघरला जाल. यवतेश्वरचा घाट बोगद्याच्या अलीकडनंच वर चढतो. मॅप लावला असला तरी एक माणूस जागा ठेवा पुढं.

सह्यभटक्या७७

आणि सेंट मारून जाऊ नका, विडी-सिगरेट पेटवू नका, सह्याद्रीच्या कड्यांना आग्यामोहोळं असतात. स्पीकरतर घरीच ठेवा. (कमळगड पुढच्या वर्षी करा पण.)

कोयनाकाठ

ओळखपत्रं सगळ्यांची घ्या, मुलांचीसुद्धा, आणि नावं-वयं एका कागदावर आधीच लिहून आणा. खिडकीपाशी १८ जणांची नावं आठवून सांगताना एक हमखास राहतं.

हळदबाजार_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार, लईच कामाचं सांगितलंत. आज ग्रुपवर टाकलं: शनिवारी दुपारी ३ ला निघायचं, मुक्काम बामणोली, रविवारी ७ ला सगळे बोटीच्या लाईनीत, वर कुठंही असलो तरी १ वाजता खाली निघायचं, नागेश्वर नाही. मावशींना "मारुतीपर्यंत" सांगितलं, त्या म्हणाल्या, "कुठल्या मारुतीपर्यंत? खालच्या का वरच्या?" त्यांना दोन मारुती आहेत हे कुणी सांगितलं देव जाणे. हा धागा वाचला असणार.

पाहुणे येतायत. मधे बसणार, दोन जॅकेटं मागणार म्हणे.