मदत हवी आहे: एका सर्व्हरवर भागतंय, तरी कुबर्नेटिस घ्यावं का?

नमस्कार मंडळी,

आम्ही तिघं वणीला बसून जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यांच्या) वजनकाट्याचं सॉफ्टवेअर चालवतो. कापसाची गाडी आली की भरलेलं वजन, खाली झाली की रिकामं वजन, ओलावा, भाव अन् पावती. सगळं मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर: एनजिनएक्स (वेब सर्व्हर), जँगो (पायथनमधलं वेब फ्रेमवर्क), पोस्टग्रेस (डेटाबेस). नवीन कोड टाकायचा तर गिट पुलनं तो सर्व्हरवर ओढायचा, प्रोग्राम रीस्टार्ट, झालं.

आता एक गुंतवणूकदार पैसे लावायला तयार आहेत. त्यांचे सल्लागार म्हणतात, "मायक्रोसर्व्हिसेस करा, कुबर्नेटिसवर न्या, नाहीतर स्केल होणार नाही." म्हणजे प्रोग्रामचे छोटे वेगळे तुकडे करा, अन् ते अनेक मशीनवर चालवून सांभाळणाऱ्या कुबर्नेटिस या प्रणालीवर ठेवा, नाहीतर काम वाढलं की पेलणार नाही. माणूस जाणकार आहे, उगाच बोलत नसावा. पण हिशेब पाहा. 30 जिनिंग, ऐन हंगामात प्रत्येकी 250 गाड्या, गाडीमागे दोन वजनं. दिवसाच्या 15,000 नोंदी. दहा तासांत वाटल्या तर दोन सेकंदांना एकसुद्धा पडत नाही!

शिवाय कुबर्नेटिसची वर्षाला साधारण तीन व्हर्जन येतात, प्रत्येकाचा सपोर्ट 14 महिन्यांच्या आसपास. म्हणजे अपग्रेड चुकत नाही, अन् तिघांतला एक जण त्यातच अडकणार. काटा थांबला की गाड्यांची लाइन रोडवर येते. तिथं शेतकऱ्याले काय सांगावं, पॉड (कुबर्नेटिसमधला चालता प्रोग्राम) रीस्टार्ट होऊन राह्यला म्हणून?

तर विचारायचं हे की डेटाबेस तरी वेगळा काढावा का? रात्री पीजी-डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत) घेऊन दुसरीकडे ठेवतो, पण दुपारी डिस्क गेली तर सकाळच्या पावत्या गेल्या. अन् रीस्टार्टला काही सेकंद काटा अडतो, त्याचं काय करावं?

—

प्रतिसाद १: भाऊ, पैसे येत असतील तर फक्त डेटाबेस मॅनेज्ड (सेवा देणारी कंपनीच सांभाळते असा) घ्या, बाकी जागचं हलवू नका. नसेल घ्यायचा तर वॅल आर्काइव्हिंग (डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद सतत दुसरीकडे साठवणं) सुरू करा. मात्र डंपवर वॅल चढत नाही, त्याला पीजी-बेसबॅकअप (डेटाबेसच्या मूळ फायलींची प्रत) लागतो. अन् तो बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहा, तोवर बॅकअप आहे असं समजू नका. गनिकॉर्न (जँगो चालवणारा सर्व्हर) वापरत असाल तर रीस्टार्टऐवजी एचयूपी सिग्नल (वर्कर नव्यानं सुरू करायची सूचना) द्या. जुने वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) हातातलं काम संपवून जातात, नवे नव्या कोडसह येतात. प्रीलोड (कोड आधीच एकदा लोड करून ठेवणं) चालू असेल तर कोड बदलत नाही, तेवढं पाहा.

प्रतिसाद २: ते सगळं ठीक, पण नेट गेल्यावर काटा चालतो का? पावती आधी काट्यावरच्या कॉम्प्युटरवर एसक्यूलाइटमध्ये (एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस) लिहा, मग वर पाठवा. प्रत्येक नोंदीला तिथंच वेगळा आयडी द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा गेली तरी वर एकच राहील. सल्लागारांना आधी हेच विचारा.

धागाकर्ता: दोघांचेही आभार. नेट गेलं की सध्या हातानं पावती फाडतात अन् संध्याकाळी भरतात. आयडीचं पटलं. पण एका जिनिंगला दोन काटे आहेत, अन् मालकाला छापील पावती क्रमांक सलगच पाहिजे. नेट नसताना ते कसं जमवावं?