नाकाशेजारच्या बेसल सेल कर्करोगासाठी कोणता उपचार निवडावा?

विचारणा

माझ्या वडिलांचे वय ७१ आहे. नाकपुडी आणि गाल यांच्यामधल्या घडीत त्यांना वर्षभरापूर्वी मोत्यासारखी चकाकणारी लहानशी गाठ आली. तिच्यावर खपली धरायची, ती निघाली की थोडे रक्त यायचे आणि पुन्हा खपली धरायची. दाढी करताना कापले असेल असे म्हणत त्यांनी ते अंगावर काढले. आता बायॉप्सीत बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेचा एक कर्करोग) निघाला असून गाठ साधारण ९ मिलिमीटरची आहे. एका डॉक्टरांनी नेहमीची शस्त्रक्रिया सुचवली, दुसऱ्यांनी मोह्‌स शस्त्रक्रिया. वडील मात्र चेहऱ्याला सुरी लावू देणार नाही, मलम किंवा रेडिएशन द्या, असे म्हणतात. हृदयविकारामुळे त्यांना रक्त पातळ करणारी गोळीही चालू आहे. ज्यांनी यातून वाट काढली आहे किंवा ज्यांना या विषयाची माहिती आहे, त्यांनी कृपया सल्ला द्यावा.

प्रतिसाद १

मी डॉक्टर नाही, पण पॅथॉलॉजी प्रयोगशाळेत बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे काचपट्टीच्या बाजूने लिहितो. बेसल सेल कर्करोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, म्हणून जिवाची धास्ती बाळगण्याचे कारण सहसा नसते. मात्र तो जागच्या जागी खोल जात राहतो, आणि नाकाच्या घडीत, पापणीजवळ किंवा कानाशी असला तर वरून दिसतो त्याहून आत बराच पसरलेला असू शकतो. म्हणून आधी रिपोर्टमध्ये उपप्रकार कोणता लिहिला आहे ते पाहा. ‘सुपरफिशियल’ (वरवरचा) असेल आणि जागा पाठ किंवा दंड असेल, तर इमिक्विमॉडचे ५ टक्के मलम हा रास्त पर्याय आहे. तरीही ब्रिटनमधल्या एका चाचणीत, कमी जोखमीच्या गाठींमध्येसुद्धा, पाच वर्षांनंतर मलमाचे यश ८२.५ टक्के आणि शस्त्रक्रियेचे ९७.७ टक्के आढळले. नाकाशेजारच्या गाठी त्या चाचणीत मुळात घेतल्याच नव्हत्या.

आता दोन शस्त्रक्रियांमधला फरक. नेहमीच्या पद्धतीत गाठीभोवतीची साधारण ४ मिलिमीटर निरोगी दिसणारी त्वचा घेऊन तुकडा आमच्याकडे येतो. आम्ही त्याच्या उभ्या चकत्या करून काठ तपासतो, पण दोन चकत्यांच्या मधला भाग न पाहिलेलाच राहतो. मोह्‌स पद्धतीत पातळ थर काढून त्याचा तळ आणि कडा संपूर्णपणे, रुग्ण बाहेर बसलेला असतानाच, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि जिथे पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेचा पुढचा थर काढतात. अमेरिकी शल्यविशारद फ्रेडरिक मोह्‌स यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत सुरू केली. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत चेहऱ्यावरच्या पहिल्यांदाच झालेल्या गाठी दहा वर्षांत नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर १२.२ टक्के आणि मोह्‌सनंतर ४.४ टक्के परतल्या. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नाही. एकदा परतलेल्या गाठींमध्ये मात्र तो ठामपणे दिसला. त्यामुळे पहिल्याच वेळी नीट काढण्याला माझे मत आहे.

रक्त पातळ करणारी गोळी अशा छोट्या शस्त्रक्रियेसाठी बहुधा बंद करत नाहीत. हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता ती स्वतःहून थांबवू नये.

प्रतिसाद २

माझ्या आईला ८४व्या वर्षी कानशिलावर हाच आजार झाला आणि तिची तब्येत पाहता आम्ही रेडिएशन निवडले. चार आठवडे, आठवड्यातून पाच दिवस जावे लागले. उपचार दुखत नाहीत, पण शेवटी शेवटी त्वचा भाजल्यासारखी सोलवटली आणि भरून यायला महिना लागला. आता तिथे पांढुरका, केस नसलेला डाग आहे. वडिलांना शस्त्रक्रिया झेपणार असेल, तर दोन गोष्टी जरूर लक्षात घ्या: रेडिएशनमध्ये काठ तपासता येत नाही, आणि त्या जागी गाठ पुन्हा आलीच तर तिथली जखम भरणे अवघड जाते.

विचारणाऱ्याचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. रिपोर्टमध्ये ‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ असा शब्द आहे. एका नातेवाइकांनी, आता कॅन्सरवर गोळ्या आणि इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) निघाली आहे, कापाकापी कशाला, असे सुचवले आहे. त्यात कितपत तथ्य आहे?

प्रतिसाद १

उपचार खरे आहेत, पण या गाठीसाठी नाहीत. व्हिस्मोडेगिब ही गोळी २०१२ साली अमेरिकेत मंजूर झाली, ती शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही शक्य नसलेल्या, पुढे गेलेल्या बेसल सेल कर्करोगासाठी. तिने पायात गोळे येतात, केस गळतात, तोंडाची चव जाते, आणि अनेकांना ती मध्येच सोडावी लागते. इम्युनोथेरपीने खरा कायापालट केला तो मेलॅनोमाचा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींच्या कर्करोगाचा. ज्या संशोधनावर ती उभी आहे त्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८चे नोबेल मिळाले. मेलॅनोमा हा वेगळाच आजार आहे. तिथे गाठीची खोली मिलिमीटरमध्ये मोजून पुढचे सगळे ठरते, आणि पसरलेल्या आजारात आतड्याला किंवा थायरॉइडला सूज येण्याचा धोका पत्करणे योग्य ठरते. ९ मिलिमीटरच्या बेसल सेलसाठी तो पत्करू नये.

‘इन्फिल्ट्रेटिव्ह’ म्हणजे पेशी बारीक मुळांसारख्या आत शिरलेल्या. तेव्हा मलमाचा विषय संपला, आणि मोह्‌सची सोय असेल तर तीच करावी. नसेल, तर शल्यविशारदांना एवढेच विचारा की काठ स्वच्छ असल्याचा रिपोर्ट हाती येईपर्यंत जखम तात्पुरती झाकून ठेवता येईल का. आधीच गालाची त्वचा सरकवून जखम बंद केली आणि मागाहून काठावर पेशी निघाल्या, तर नेमकी कुठे परत जायचे हे शोधणे जिकिरीचे होते. आम्ही असे रिपोर्ट पाठवताना फार चुटपुटायचो.

विचारणाऱ्याचा प्रतिसाद

मोह्‌ससाठी तारीख घेतली आहे. पेशी उरल्या असतील तेवढ्याच जागेचा पुढचा थर काढतात, हे तुमच्या प्रतिसादातले वाक्य वडिलांना दोनदा वाचून दाखवले. तेव्हा कुठे ते तयार झाले. गोळी चालूच ठेवायला सांगितले आहे.